ने

गेवगेलियाच्या दक्षिणेला रस्ता देश बदलतो
आणि नदी नुसतं नाव.
तिथे रात्री पावणेतीनला
ब्लागोयाने टेम्पोची काच खाली केली.

स्तामातिसने विचारलं, मागे जिवंत काही?
ग्रीकमध्येच विचारलं, पण दोन्ही हातांनी
पंख फडफडवून दाखवले,
म्हणजे समजलं नाही म्हणायची सोय नाही.
ब्लागोया म्हणाला, ने.

त्याच्या गावात ने म्हणजे नाही.
काचेच्या पलीकडे, दीड हातावर,
ने म्हणजे हो.

तोंडातून निघालं तेव्हा खोटं होतं,
दीड हात हवेतून जाताना खरं झालं.
स्तामातिसने मनात म्हटलं, सव्वीस वर्षांत
पहिला सरळ माणूस.
आणि ताडपत्री उचलली.

सात पेट्या. आत मधमाश्या,
झोपेतून उठवलेल्या, म्हणून जरा कमी सुरेल.
किल्किसजवळ मुलगी दिली होती,
तिच्या सासरचं पोळं न् पोळं हिवाळ्याने नेलं होतं.
बापाने काय न्यावं मग लेकीकडे, टोपी?

मागच्या ट्रकातून एदिर्नेचा नियाझी ओरडला,
ने? ने? ने?
तो विचारत होता, काय, काय, काय झालंय पुढे.
स्तामातिसला वाटलं, साक्षीदारही हो म्हणतोय.

आणि कडेला सायकल टेकवून सोल-आ,
कानाला फोन. मोकपोत सकाळ झालेली,
आई बोलत होती, न थांबता,
आणि ही दर दोन वाक्यांमागे, ने. ने, ने.
हो, ऐकतेय. हो, जेवले. हो, स्वेटर आहे.

एवढासा शब्द, पण रक्त एक नाही.
स्तामातिसचा ने शपथांच्या तोंडी वाढला,
झ्यूसला साक्षी ठेवून हो म्हणायचे तेव्हाचा.
नियाझीचा, मंगोलियाच्या माळावर
दगडात कोरलेला सापडतो,
तेराशे वर्षांचा प्रश्न, अजून ताठ.
सोल-आचा कुठून आला
ते मला नीट ठाऊक नाही. ती म्हणते, आईकडून.
ब्लागोयाचा मात्र ओळखीचा निघाला.
आपल्या न-चा, नाही-चा लांबचा चुलत भाऊ,
कुठल्याशा एकाच चुलीपाशी
दोघांनीही जेवायला नकार दिलेला.

माझा ने यांच्या पंगतीत बसत नाही.
तो एकटा क्वचितच दिसतो, कोणाच्या तरी पाठीला चिकटून येतो,
पहिल्या कडव्यापासून येतोय, तुमचं लक्ष नसेल.
ब्लागोयाने. स्तामातिसने. बापाने.
कोणी केलं, विचारलं की बोट दाखवणारा,
चुगलखोर.
आणि कधी सुटा सापडलाच, तर एवढंच म्हणतो,
घे, उचल, घेऊन जा.

हे सगळं मला सोल-आने सांगितलं,
चार वर्षांनी, एका खानावळीत, माशाचे काटे काढता काढता.
म्हणाली, कागद नव्हते. शिक्का हातात होता.
दोघं बराच वेळ पेट्यांकडे बघत राहिले.
एक माशी दिव्याच्या काचेवर चालत होती,
अगदी सावकाश, जणू तिचेच कागद तपासणं चालू होतं.
मग त्या अधिकाऱ्याने शिक्का खिशात टाकला
आणि हात असा केला.

तिने ताटावरून हात सरकवून दाखवला,
उताणा, बोटं पुढे.

ने, मी म्हटलं. माझ्या भाषेत म्हटलं, तोंडातून निघून गेलं.

ती हसली. तिच्या हिशेबी मी नुसती हो ला हो केली होती.

पण हात कुठल्या दिशेने?
मुलीच्या की घराच्या?
मी विचारलं, पेट्या पुढे गेल्या की मागे?
तेवढ्यात तिचा फोन वाजला,
मोकपोत संध्याकाळ झाली असावी.
माझ्याकडे बघत, पण मला नव्हे,
ती म्हणाली,
ने.